ब्रिज केलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि श्रीनिवासचे नान्ना

अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान काढलं की किस्से शोधत फिरावं लागत नाही, ते जळक्या वासासकट काउंटरवर येतात. आमच्या सोलापुरात तर ज्याला त्याला आवाज वाढवायचाय!

परवा मंद्रूपचे एक पाटील आले. होम थिएटरचे दोन चॅनल ब्रिज केलेले, म्हणजे दोघांची ताकद जोडून एकाच स्पीकरवर सोडलेली. अ‍ॅम्प खलास. मी विचारलं, "स्पीकर किती ओहमचा?"

"ते न्हाय बघितलं. रंग काळा हाय."

अकलूजच्या डेअरीवाल्याला तर मी नीट समजावलं. ब्रिज केलं की चार ओहमचा स्पीकर प्रत्येक चॅनलला दोन ओहमचा वाटतो. ओहम जितके कमी, तितका लोड जास्त. तो खूश झाला. म्हणाला, "मंजी ओहम निम्मं, तर लाईटबिलबी निम्मं की!" मी सोल्डरिंग गन उचलली.

नेहमीचं गिऱ्हाईक असलेल्या श्रीनिवासला मात्र मला हसता येईना. त्याच्या वडिलांचे, नान्नांचे, कान यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेले. कानाचं मशीन ते लावत नाहीत. "नान्नांनी एक तेलुगू पिक्चर माझ्याबरोबर बसून ऐकावा, एवढंच बघा," असं म्हणायचा आणि दरवेळी ब्रिज करून अ‍ॅम्प जाळून आणायचा.

"लेका, चार ओहमवर ब्रिज करू नको म्हणून किती वेळा सांगू?" मी चिडलो.

"अण्णा, आठ ओहमचा लावला तर आवाज कमी होणार. मग त्यांना ऐकू येईल का?"

मीच आठ ओहमचा स्पीकर घेऊन त्याच्या घरी गेलो, नान्नांच्या खाटेला टेकवून लावला. पिक्चर सुरू झाला. आवाज असा, की शेजारी दारात जमा झाले. आणि नान्ना चक्क हसले! श्रीनिवासच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात अ‍ॅम्प तापून बंद पडला. माझी मान खाली. श्रीनिवास अ‍ॅम्पची बटणं दाबत राहिला.

नान्ना मात्र टीव्हीकडे बघून हसतच होते. हिरोची आई हिरोला झापत होती.

श्रीनिवास त्यांच्यापुढं जाऊन ओरडला, "नान्ना, आवाज नाही, तरी कळतंय?"

"न कळायला काय झालं? मागावर कुणाचं कुणाला ऐकू यायचं? ओठ बघूनच बोलायचो की आम्ही," नान्ना म्हणाले. "पण ते डबडं बंद केलंस ते बरं झालं. खाट लई हलत होती."