काळ्या मोत्यांचा बाजार आणि आमचे काका

अनोळखी माणसांच्या मालाचा भाव पडला म्हणून जेवण टाकणारा माणूस शहापूर तालुक्यात एकच असेल, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. आम्ही सगळी भाचरं त्यांना काका म्हणतो. माल म्हणजे काळे मोती, आणि अनोळखी माणसं म्हणजे पॅसिफिक समुद्रातल्या कुठल्याशा बेटांवर मोत्यांची शेती करणारे लोक. काकांनी समुद्र पाहिला तो एकदाच, अलिबागला, आणि तोही ओहोटीचा. पण त्या बेटांवर वादळाचा इशारा आल्याचं मोबाइलवर दिसलं की काका इकडे सापगावात उठून आपल्या शेततळ्याच्या दोऱ्या आवळून येत.

काका भातसानगरला धरणावर नोकरीला होते. जन्मभर पाण्याची पातळी बघितल्यामुळे त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट भरलेली किंवा उतरलेली दिसते. कपात चहा काठोकाठ आला तर "एक दरवाजा उघड गो," म्हणत बशीत ओततात. निवृत्त झाल्यावर त्यांनी मावशीच्या नावावरच्या एकुलत्या एका खाचरात तळं खोदलं. नदीतले शिंपले आणले, एकेकाची फट अलगद उघडून आत मणी बसवला आणि जाळ्यांत घालून पाण्यात टांगले. असे मोती पिकवणारे हल्ली बरेच आहेत. काकांना मात्र काळाच मोती हवा होता. काही शिंपल्यांना आतून कडेला जांभळट झाक असते. तिथला मांसाचा बारीक तुकडा मण्याला लावला तर मोतीही त्याच रंगाचा होईल, असा त्यांचा हिशेब. "माझ्या खाचरात भात सोडून काळं काय पिकवताय?" मावशी म्हणाली. पण खाचर दिलं. बदल्यात तिला काळ्या मोत्यांच्या कुड्या मिळायच्या होत्या.

त्या शिंपल्यांचा काकांनी जो मान ठेवला, तो मी कुठल्या पाहुण्याचा ठेवलेला पाहिला नाही. तळ्याकाठी मोठ्यानं बोलायचं नाही, खोकला आला तर बांधाच्या पलीकडे जायचं. एकदा हळदीचा डीजे त्या वाटेनं आला. काका हात जोडून मधोमध उभे राहिले. "पोरांनो, आत पोटुशी हायेत सगळी. जरा गप जावा." आणि सापगावची हळद, जी पोलिसांनी सांगूनही कधी गप झाली नाही, ती तळं ओलांडेपर्यंत चपला हातात घेऊन चालली. नवरदेवानं तर जाता जाता तळ्याला नमस्कार केला. आमच्या घरातली पहिली पदवीधर म्हणून माझा निकाल लागला, त्या दिवशी पेढा सगळ्यांनी दिला. काकांनी मला तळ्यावर नेऊन एक जिवंत शिंपला ओंजळीत ठेवला. त्यांच्याकडे याहून मोठं काही नव्हतं. मला अजून तो गारवा आठवतो.

मग भाव पडला. मुंबईच्या व्यापाऱ्यानं फोनवर सांगितलं: बेटांवर सगळ्यांनीच शेती वाढवली, माल बदाबदा आला, आणि वर साधे मोती काळे रंगवून किलोवारी यायला लागले. काका ताटावरून उठले.

"आपल्या भेंडीचं झालं तेच. सगळ्यांनी एकदम तोडली की संपलं. कोणीतरी हात आवरला पायजे."

"मग त्यांना सांगा ना आवरायला," मावशी म्हणाली.

"त्यांना पोरंबाळं असतील गो. आपल्याला पेन्शन हाय. आपण नाय काढायचे मोती."

मी शिकलेली, म्हणून मला मध्ये घातलं. म्हटलं, "काका, जगाच्या बाजारात आपलं तळं थेंबाएवढं."

"मग धरणात काय असतं?" काका म्हणाले.

उन्हाळा चढला आणि तळ्याचं पाणी उतरू लागलं, तापू लागलं. पहिला शिंपला मेला तेव्हा काकांनी तो उघडला. आत मोती होता. काळा, पण नुसता काळा नाही. हलवला की आतून जांभळा, मग मोराच्या मानेसारखा हिरवा. काकांनी व्यापाऱ्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, "रंगवलेला असेल तर रंगवलेल्याचा भाव. सगळे काढून पाठवा, बघू."

आता थांबणं शक्यच नव्हतं. चार दिवसांत सगळे मेले असते. मावशी शिंपले चिरायला सुरी आणि घमेलं घेऊन तळ्यावर आली. तिचंच खाचर, तिच्याच कुड्या. तिचा हक्क होता. काकांनी एक शिंपला उचलला. त्यानं फट मिटून घेतली.

"जिवंत हाय गो अजून," काका म्हणाले.

मावशीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. सुरी बांधावर ठेवली. "असं तोंड आठवत कानात मोती घालू का मी? उचला त्या जाळ्या. नदीला अजून पाणी हाय."

घमेल्यातून, बादल्यांतून, माझ्या ओढणीतूनसुद्धा आम्ही ते सगळे भातसा नदीच्या डोहावर नेले. त्यांतल्या किती शिंपल्यांत मोती होते, किती काळे, हे आता कोणालाच कळणार नाही. काका गुडघाभर पाण्यात उतरून एकेक शिंपला तळाशी ठेवत होते. शेवटचा हातात असताना त्यांनी मान वळवली.

"आता सावरंल ना गो त्यांचा बाजार?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत मला एकच उत्तर दिसलं.

"सावरेल, काका."

ते समाधानानं हसले आणि पुन्हा वाकले. डोहाच्या कडेला शेवाळ असतं. मावशीनं मागून त्यांचा सदरा मुठीत घट्ट धरून ठेवला होता.