डबीतलं विहिणीचं गाणं

सुरतेच्या गोडादऱ्यात खानदेशी माणसाच्या घरी लग्न निघालं आणि शोभाबाईला बोलावणं गेलं नाही, असं वीस वर्षांत झालं नव्हतं. नवरा हिलाल लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, ही घरी बसून साड्यांना लेस लावणारी. पण मांडवात उभी राहिली की भल्याभल्या विहिणींची बोलती बंद. नवऱ्या मुलाच्या आईला नाव घेऊन, गावासकट, अशी काही धुवायची की बायका पोट धरून हसायच्या. धुवून झालं की स्वतःच्या हातानं तिच्याच तोंडात गुळाचा खडा घालायची, पाया पडायची आणि म्हणायची, "मांडवातलं मांडवात राहिलं, माय. राग धरू नका." मग ती विहीणही पदर खोचून उत्तराचं गाणं म्हणणार. फिटंफाट.

एक खोड मात्र होती बाईला. बिननावाचं गाणं तिला म्हणताच यायचं नाही. रिकाम्या जागी कुठलं तरी खोटं नाव घालून बघा म्हटलं, की जीभ अडखळलीच. ज्या विहिणीसाठी गाणं बांधलं, तिचंच नाव तोंडातून निघणार. आपली आई-आजी अशीच गायची, नाव नसेल तर गाणं कोणाला म्हणायचं, भिंतीला का, असं तिचं म्हणणं.

सत्त्याण्णव साली तिच्या स्वतःच्या लेकीचं, उज्ज्वलाचं, लग्न झालं. जावई प्रशांत पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंगमध्ये कामाला, त्याची आई वत्सलाबाई. शोभाबाईनं त्या दिवशी जीव ओतून गाणं बांधलं होतं:

पलसाण्याची विहीण बाई, जिलबीवर डोळा
खाताना सात, नेताना साठ
वत्सलाबाईचा ओचा ताठ!

मांडव हसून लोळला. वत्सलाबाई तरी काय कमी? गूळ चघळत उठली आणि म्हणाली, "गोडादऱ्याची विहीण बाई, गाते फार, वाढत काहीच नाही!" दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दोन वर्षं दोन्ही घरांचं येणं-जाणं अगदी साखरेसारखं. उज्ज्वलाला मुलगी झाली तेव्हा बाळंतविडा घेऊन वत्सलाबाई स्वतः टेम्पोतून आली होती.

आता योगेंद्र. शोभाबाईच्या बहिणीचा मुलगा. बहीण वारली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. शोभाबाईनं त्याला सुरतेला आणला, उज्ज्वलाच्या ताटाला ताट लावून वाढवला. पोरगं हुशार निघालं. कॉम्प्युटर शिकलं, उधन्यात एका कॉम्प्युटरच्या दुकानात चिकटलं. नव्व्याण्णवच्या दिवाळीनंतर एक दिवस तो घरी आला तो हातात काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी घेऊन. दुकानमालकाच्या मेव्हण्यानं दुबईहून आणली होती.

"मावशी, ओळख बघू काय आहे?"

"तंबाखूची डबी. तू खायला लागलास का रे मेल्या?"

"अगं, गाणी आहेत यात! कॅसेट नाही, काही नाही." त्यानं वायरीची दोन बोंडं तिच्या कानात घातली. शोभाबाई दचकली. डोक्याच्या मध्यभागी कोणीतरी पेटी वाजवत होतं.

कॅसेटचं सुख-दुःख तिला माहीत होतं. टेपरेकॉर्डरनं फीत गिळली की पेन्सिल घालून गुंडाळत बसा. चार लग्नांत वाजवली की आवाज बसलेला. ही डबी म्हणे उलटी करा, हलवा, रिक्षाच्या खड्ड्यांत आपटा, गाणं अडत नाही की घासत नाही. "आणि मावशी, इंटरनेटवर टाकलेलं गाणं अमेरिकेतला माणूससुद्धा आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतो. तासभर लागतो, पण मिळतं. तुझा आवाज मला असा ठेवायचा आहे. तू म्हातारी होशील, आवाज होणार नाही."

कोणत्या बाईला बरं वाटणार नाही? हातातली साडी बाजूला सारून ती बसली. त्यानं डबीवरचं बटण दाबलं. तरी म्हणाली, "अरे, गाणं म्हणायचं तर नाव घालूनच म्हणते मी. दुसऱ्या नावानं जमत नाही. पण हे तुझ्याशिवाय कोणाच्या कानावर जाता कामा नये. ते मांडवातलं आहे. घे शपथ."

"घेतली."

"कोणाची?"

"आईची," योगेंद्र म्हणाला. मेलेल्या आईची शपथ. मग तिनं विश्वास ठेवला तर तिचं काय चुकलं?

गाणं झाल्यावर त्यानं तिला ते ऐकवलं. आपलाच आवाज कानात ऐकून ती लाजली, हसली, हिलालला हाक मारून त्याच्याही कानात बोंड घातलं. रात्री जेवताना योगेंद्रला एक पुरणपोळी जास्त वाढली.

दोन महिने बरे गेले. संक्रांतीच्या सुमारास लिंबायतच्या बाजारात ती भाजी घेत होती आणि पानाच्या टपरीवर तिचाच आवाज लागला. 'खाताना सात, नेताना साठ!' खाली ढोलकीचा ठेका घातलेला. हातातली मेथीची जुडी खाली पडली बाईच्या. टपरीवाल्यानं सीडीचं पाकीट दाखवलं: एका सीडीत दीडशे गाणी, वर छापलेलं, 'योगेंद्र आणि पार्टी'. शोभाबाईचं नाव कुठंच नाही. नाव नसल्याचं तिला काही वाटलं नाही. ज्या बाईचं नाव त्यात होतं, तिचं काय होणार, हाच घोर लागला.

आणि व्हायचं तेच झालं. डाइंगमध्ये रोज डबा उघडला की कोणीतरी प्रशांतला विचारायचं, "काय रे, आईनं जिलबी बांधून दिली का?" रिक्षावाले वत्सलाबाईला बघून हॉर्न वाजवायचे. मांडवात विहिणीला उत्तर देता येतं, त्या सीडीत कुठं द्यायचं? कोणाला गूळ भरवायचा नि कोणी? आठ दिवसांत उज्ज्वला चार महिन्यांची पोर कडेवर घेऊन माहेरी आली. प्रशांतनं निरोप दिला होता, आईच्या अब्रूची भरपाई होईपर्यंत यायचं नाही.

उज्ज्वलानं आईकडे पाठ केली. कोपऱ्यात बसून पोरीला पाजत राहिली. शोभाबाईला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

ती तडक उधन्याला दुकानात गेली. "पूस ते! आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर!"

"मावशी, ओरडू नको, गिऱ्हाईक आहे." त्यानं काहीतरी खटखट केलं. "हे बघ, कॉम्प्युटरवरचं गेलं."

दुकानातून खाली उतरते तो समोरच्या रिक्षात तेच गाणं. ती पुन्हा वर. तेव्हा पठ्ठ्या खरं बोलला: आपल्याकडचं पुसलं की आपल्याकडचंच पुसलं जातं. ज्यानं उतरवून घेतलं त्याच्याकडे ते राहतंच, त्याच्याकडून पुढं दहा जणांकडे. पहिल्यांदा एका मित्राला डबीत भरून दिलं होतं, त्यानं इंटरनेटवर टाकलं, मग मालकानं सीडी काढायची म्हटल्यावर आपण नाही म्हणालो नाही. दुकानात आता भागीदारी मिळणार होती.

"कॅसेट असती तर फीत ओढून चुलीत घातली असती मी," शोभाबाई म्हणाली. "हे काय करून ठेवलंस रे? कुठं कुठं जाळू?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "बरं, झालं ते झालं. उद्या माझ्याबरोबर पलसाण्याला चल. मी मावशीला फसवलं, एवढं एक वाक्य वत्सलाबाईसमोर बोल. पोरीचा संसार वाचेल."

"येतो," योगेंद्र म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वेळेवर आला, हे सांगायला हवं. तिच्या हातची भाकरी खाल्ली, उज्ज्वलाच्या पोरीला खेळवलं. तो स्कूटरवर, या दोघी पोरीला घेऊन रिक्षानं.

पलसाण्याला ओट्यावर वत्सलाबाई, प्रशांत आणि त्याचा थोरला भाऊ दगा. दगा बाह्या सारून उभा होता, त्याला बघूनच योगेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. वत्सलाबाई सरळ बोलली, "विहीणबाई, चूक माणसाच्याच हातून होते. ज्यानं केली त्यानं कबूल करावी, मी माझी सून आत घेते. पण मला खोटं चालणार नाही. एक जरी शब्द खोटा निघाला, तर पोरीला आल्या पावली परत न्या."

शोभाबाईनं योगेंद्रकडे पाहिलं. बोल बाबा.

योगेंद्रनं खिशातून डबी काढली. "काकू, मी कशाला बोलू? तुम्हीच ऐका. मावशीनंच सांगितलं होतं नाव घालायला." आणि त्यानं एक बोंड वत्सलाबाईच्या कानात दिलं, दुसरं उज्ज्वलाच्या.

सासू आणि सून एका वायरीला बांधल्यासारख्या उभ्या राहिल्या. शोभाबाईला काहीच ऐकू येत नव्हतं. तिला फक्त दोघींचे चेहरे दिसत होते. वत्सलाबाईचा हळूहळू लाल झाला. उज्ज्वलाचा मात्र अगदी रिकामा झाला.

"मला ऐकू द्या," शोभाबाई म्हणाली. तिनं उज्ज्वलाच्या कानातलं बोंड काढून आपल्या कानात घातलं.

तिचाच आवाज. हसरा, खणखणीत. "अरे, गाणं म्हणायचं तर नाव घालूनच म्हणते मी." आणि लगेच गाणं. मध्ये काही नाही. ते कोणाच्या कानावर जाता कामा नये, ते घे शपथ, ते आईची, सगळं गेलेलं. आणि जिथून गेलं तिथं साधी खरखरसुद्धा नाही. कॅसेट कापली असती तर खट्ट वाजलं असतं. आणि हे काही आत्ता ओट्यावर उभ्या उभ्या केलेलं नव्हतं. काल दुकान बंद करायच्या आधी बसून केलेलं होतं. ते करून हा माणूस सकाळी तिच्या घरी भाकरी खायला आला होता!

"आवाज तुमचाच ना?" वत्सलाबाईनं विचारलं.

शोभाबाईनं तोंड उघडलं. यातलं कापलंय, असं म्हणायचं? ऐकलं सगळ्यांनी, न ऐकलेलं कोण मानणार? आणि एक शब्द खोटा वाटला तर पोरगी परत. योगेंद्र पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. उज्ज्वलाच्या खांद्यावर पोर झोपली होती.

"माझाच," शोभाबाई म्हणाली. "माझीच चूक, माय. नावाची हौस. मीच सांगितलं त्याला."

दगानं बाह्या खाली केल्या. वत्सलाबाई पुढं झाली, उज्ज्वलाच्या खांद्यावरून नात घेतली. "सून माझी आहे, ती आत येईल," ती म्हणाली. "तुम्ही मात्र या उंबऱ्याला पुन्हा पाय लावायचा नाही. नातीच्या वाढदिवसालाही नाही नि लग्नालाही नाही."

"मनी आंडेर शे ती," शोभाबाईच्या तोंडून गेलं. माझी लेक आहे ती.

उज्ज्वला दारात थांबली. "लेक होती तर गाण्यापुढं दिसली नाही का गं, माय?" एवढं बोलून ती आत गेली.

दोघं रस्त्यावर आली. योगेंद्रनं स्कूटर स्टँडवरून काढली. "मावशी, तुझे उपकार आयुष्यभर विसरणार नाही. तो दगा मला जिवंत सोडत नव्हता. बस मागं."

शोभाबाई बसली नाही. "कापलेलं परत जोडता येतं का रे? ते शपथेचं? आज नको. वर्षानं, दोन वर्षांनी, एकट्या उज्ज्वलाला तेवढं ऐकवशील? तिला कळू दे फक्त."

योगेंद्रनं मान फिरवली. "ते नाही आता, मावशी. ते मी काल पुसलं."

"दुसऱ्या कोणाकडे असेल. तूच म्हणालास, पुसलं तरी राहतं."

"गाणं राहतं," योगेंद्र म्हणाला. "ते शपथेचं मी कोणाला दिलंच नव्हतं."