जुना दाखवा, नवा न्या

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही, आणि त्याला कारण चोर नव्हे. चोर साधाच होता. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कुणी “साहेब, एखादी केस सांगा” म्हटलं की माझ्या तोंडी आधी येते ती एका जुन्या पिकअपची चोरी. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. पडू दे. त्या चोरीत माझी जेवढी शोभा झाली तेवढी दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात झाली नाही.

मी तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळी नऊच्या सुमारास ठाणे अंमलदार आत आला आणि म्हणाला, “साहेब, गाडी चोरीची फिर्याद आहे. पण गाडी बघा कसली.” फिर्यादी डिंगोऱ्याचे शेतकरी, भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी चालवणारे. त्यांना मी इथे आप्पा म्हणतो. आमच्या भागात दर तिसऱ्या घरात एक आप्पा असतो, त्यामुळे कुणाला काही कळायचं नाही. टोमॅटो-मिरचीच्या रोपांचे ट्रे घेऊन ते आंबेगाव तालुक्यापर्यंत जायचे. गाडी पंधरा वर्षांची, आणि कंपनीने ते मॉडेल बंद करूनही बरीच वर्षं झालेली.

गिअर बदलणारा आर्म तुटला म्हणून आप्पांनी गाडी कल्याण रस्त्यावरच्या एका गॅरेजात लावली होती. सकाळी अंगणातली जागा रिकामी. शटरचं कुलूप शाबूत, गाडीची किल्ली आत खिळ्यावर तशीच, काचेचा तुकडाही पडलेला नाही. समोरच्या दुकानाला कॅमेरा होता, पण तो इमानाने स्वतःच्याच शटरकडे पाहत होता.

मी पहिला संशय घेतला तो आप्पांवरच. असली गाडी कोण चोरणार? विम्यासाठी बनाव असेल. मी विचारलं, “पूर्ण विमा आहे का?”

आप्पा हसले. “थर्ड पार्टी हाय साहेब. एवढ्या जुन्या गाडीला पूर्ण कोण देतंय?”

“मग या भंगाराला हात कुणी लावला असेल?”

त्यावर मात्र त्यांचं हसू गेलं. “भंगार म्हनू नका राव. नवी घेतली तवा जेवढं मोजलं, त्याच्या जवळपास आजबी मागत्यात. कंपनीनं बंद केली आन् हिचा भाव चढला. इंजन साधं, रस्त्याकडंचा कुनीबी उघडून नीट करतो. नव्या गाडीचा दिवा लागला की लॅपटॉपवाला पुण्यास्नं बोलवावा लागतो.”

“गाडी विकत कुणी मागितली होती?”

“ज्यानं मागितली न्हाई असा मानूस दाखवा! दूधवाला मागतो, मेव्हना मागतो. बेल्ह्याच्या बाजारात लोक म्हशी सोडून हिच्याभवती उभं ऱ्हात्यात. आमचा मिस्त्रीबी म्हनतो, विकायची झाली तर मलाच द्या.”

मिस्त्री म्हणजे तोच गॅरेजवाला. मी पेन उचललं. आप्पा म्हणाले, “त्येवढं लिहू नका साहेब. तो तसला न्हाई.” मी लिहिलं. दूधवाला लिहिला नाही, मेव्हणा लिहिला नाही, फक्त मिस्त्री लिहिला. किल्ली त्याच्याकडे, गाडी त्याच्याकडे, हौस त्याला. गुन्हा दाखल होईपर्यंत माझ्या डोक्यात तपास संपलाही होता.

त्याच दुपारी गॅरेजचा पंचनामा केला. आत भिंतीवर एक लांब फळकूट होतं, त्यावर खिळे ठोकलेले आणि प्रत्येक खिळ्यावर एकेका गाडीची किल्ली. पावती नाही, वही नाही. माणूस यायचा, किल्ली अडकवायचा, “बघा जरा” म्हणायचा आणि निघून जायचा. त्या दिवशी सगळे खिळे भरलेले होते. आप्पांची किल्ली मी मुद्देमाल म्हणून जप्त केली आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला ठाण्यात बोलावलं.

अटक केली नव्हती, हे मी तेव्हाही स्वतःला सांगत होतो. नुसती चौकशी. पण सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या माणसाकडे रस्त्यावरचे लोक चौकशी आणि अटक असा फरक करून पाहत नाहीत. त्यात तो आठवडे बाजाराचा दिवस. निम्मा तालुका त्या बाकासमोरून गेला असेल.

मिस्त्री पन्नाशीचा, मितभाषी, काळ्या पडलेल्या हातांचा. मी विचारलं, रात्री कुठे होतास, किल्ली कुणाला दिलीस, गाडी कुणाला दाखवलीस. तो “घरी”, “कुनाला न्हाई”, “कुनाला न्हाई” एवढंच म्हणाला. गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, असा माझा त्या काळी ठाम समज होता. संध्याकाळी सोडलं आणि पुन्हा यायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मी गॅरेजवरून जात होतो, सहज थांबलो. समोरचं अंगण रिकामं होतं. आत डोकावलो तर भिंतीवर नुसते खिळे. लोक येऊन आपापल्या गाड्या घेऊन गेले होते, काही तर इंजिन उघडं असताना टोचन लावून ओढून. मिस्त्री स्टुलावर बसून फडक्याने पाने पुसत होता. आधीच पुसलेले पाने.

मला बरं वाटलं नाही. त्याच्या पुढ्यात उलट्या डब्यावर बसलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “त्या गाडीला नेमकं काय झालं होतं?”

अन् हा माणूस बोलायला लागला. आर्म मधोमध तुटला होता. नवा मिळेपर्यंत गाडी अंगणात हलवता यावी म्हणून त्याने तो जोडून दिला होता. पितळ वितळवून जोडाला डाग मारला, आणि आधाराला मोडक्या पान्याचा तुकडा खालून बसवला.

“माझाच डाग हाय, पन खोटं कशाला बोलू? चढाला तो टिकनार न्हाई. गाडी लांब गेलेली नाय साहेब. पयल्याच घाटात आर्म तुटला असनार.”

“मग नवा आर्म?”

त्याने वरच्या फळीकडे बोट दाखवलं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक लोखंडी तुकडा. “चोरीच्या आदल्या दिशीच आनला. सकाळी बसवनार व्हतो.”

मी त्या पिशवीकडे पाहतच राहिलो. कारण ती मी आधी पाहिली होती. पंचनाम्यात माझ्याच अक्षरात ओळ होती: “फळीवर पिशवीत एक नवा लोखंडी पार्ट मिळून आला, गुन्ह्याशी संबंध दिसून येत नाही.” ज्याला गाडी पळवायची तो दुरुस्तीचा पार्ट फळीवर ठेवून, मोडकी गाडी घेऊन कशाला जाईल? त्या माणसाच्या निर्दोषपणाचा पुरावा मी स्वतः लिहिला होता, खाली दोन पंचांच्या सह्या घेतल्या होत्या आणि वर त्यालाच बाकावर बसवलं होतं.

“हे काल का नाही सांगितलंस?” मी जरा चिडूनच विचारलं.

“तुमी गाडीचं इचारलंच न्हाई. माझंच इचारत व्हता.”

मी आर्म पिशवीतून काढून हातात घेतला. तोच पुढे म्हणाला, “ह्यो आर्म आता कुठं मिळत न्हाई. नारायणगावच्या शेठकडं दोन व्हते. एक ह्यो. दुसरा तिथंच हाय. ज्याच्याकडं गाडी हाय, त्याला कवा ना कवा त्या दुकानात यावंच लागंल.”

चोराच्या मागे धावण्याची आमची सवय. चोर आपल्या पायाने कुठे येईल, हे एका संशयिताने मला शिकवलं.

हे शेठ म्हणजे जुन्या स्पेअर पार्टचे व्यापारी. तीन पिढ्यांपूर्वी त्यांचं कुटुंब राजस्थानातून आलं, पण मराठी माझ्यापेक्षा नेमकी. बंद झालेल्या गाड्यांचे पार्ट त्यांनी पोतीच्या पोती भरून ठेवले होते. “साहेब, कंपनी मॉडेल बंद करते तेव्हा माझं दुकान सुरू होतं,” असं ते हसून म्हणायचे. आणि त्यांचा एक नियम अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक होता: जुना दाखवा, नवा न्या. तुटका पार्ट समोर ठेवल्याशिवाय ते नवा देत नसत. चुकीचा माल नेऊन परत आणणाऱ्यांचा त्यांना मनस्वी कंटाळा होता. मी त्यांना सांगितलं, कुणी तो आर्म मागायला आला तर तुमचा नियम पाळा आणि मला फोन करा.

पाचव्या दिवशी फोन आला. “साहेब, गिऱ्हाईक आलं होतं. जुना आणायला परत पाठवलंय. चारपर्यंत येतो म्हणाला.”

साध्या वेशात मी आणि एक हवालदार दुकानात जाऊन बसलो. चारला दहा कमी असताना चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस आला. त्याने काउंटरवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू ठेवली आणि कागद सोडला. तुटलेला आर्म. मधोमध पिवळाधमक पितळी डाग, खाली पान्याचा तुकडा. चोरीचा पुरावा कागदात गुंडाळून दुकानात आणणारा चोर मी तरी एकच पाहिला. शेठनी तो हातात घेऊन शांतपणे उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “बरोबर आहे. हाच.”

तो आंबेगावच्या बाजूचा, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारा एजंट निघाला. ठाण्यात आणल्यावर पहिला तास नुसता “रस्त्यात सापडला साहेब” चालू होतं. हवालदाराचा आवाज चढू लागला तसं मी त्याला चहा सांगायला बाहेर पाठवलं. मिस्त्रीने शिकवलेलं माझ्या लक्षात होतं. मी एजंटाला त्याच्याबद्दल विचारायचं सोडलं आणि धंद्याबद्दल विचारलं.

“मला एक सांगा. रस्त्याकडेला एवढ्या नव्या गाड्या उभ्या असतात. या बंद मॉडेलला कोण घेतं?”

त्याला राहवलं नाही. “नवीला कोन हात लावतो साहेब? तिला जीपीएस, तिच्यावर बँकेचं लोन. ह्या मॉडेलला मात्र गिऱ्हाईक रांगेत उभं ऱ्हातं. भीमाशंकरच्या बाजूला चढाला हिच्यासारखी दुसरी न्हाई. मॉडेल बंद झालं म्हंजी गाडी मरत न्हाई. पार्ट मिळंना झाला की मरते.”

“मग तुमच्या गाडीचा कुठला पार्ट मिळेना?”

त्याने टेबलावरच्या आर्मकडे पाहिलं आणि मान खाली घातली. चहा येईपर्यंत सगळं बाहेर आलं. त्याच मॉडेलची दुसऱ्या गाडीची झिजलेली किल्ली त्याच्याकडे होती. झिजलेल्या किल्ल्या एकमेकींच्या कुलपांना लागतात. म्हणून काच फुटली नव्हती, आणि म्हणूनच मी मिस्त्रीकडे वळलो होतो. आर्म घोडेगावच्या अलीकडच्या चढाला तुटला. गाडी ट्रॅक्टरने ओढून त्याने एका बंद पोल्ट्रीत लपवली होती. जागा दाखवतो असं त्याने पंचांसमोर कबूल केलं, त्याचा निवेदन पंचनामा करून आम्ही ती तिथून ताब्यात घेतली. पान्याचा उरलेला अर्धा भाग मिस्त्रीने आपल्या डब्यातून काढून दिला. दोन्ही तुकडे पंचांसमोर जोडले, तेव्हा त्यावरचा मापाचा आकडा पुरा झाला.

आप्पांना गाडी न्यायालयाच्या हुकमाने सुपूर्दनाम्यावर परत मिळाली. ठाण्याच्या आवारात त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला. “आता तर विकतच न्हाई,” ते म्हणाले. “चोरबी हिच्यासाठी एवढा फिरला म्हंजी बघा.” मला हसू आलं.

पण माझ्या डोळ्यांपुढे ते रिकामे खिळे होते. मुद्देमाल परत करायला रीत आहे, अर्ज आहे, हुकूम आहे. नाव परत करायचा कुठलाच कागद आमच्याकडे नसतो. पेपरात आरोपी सापडल्याची बातमी आली, पण मिस्त्रीचं अंगण काही भरलं नाही. बाकावर बसलेला पाहिला होता लोकांनी. तेवढं पुरे होतं.

त्यानंतरच्या एका आठवडे बाजाराच्या दिवशी, सकाळी अकराला, मी पूर्ण गणवेशात माझी स्वतःची छोटी गाडी चालवत गॅरेजवर गेलो. रस्त्यावर गर्दी होती. ती असावी म्हणूनच ती वेळ निवडली होती. आत गेलो आणि पहिल्या खिळ्यावर किल्ली अडकवली.

मिस्त्री म्हणाला, “काय झालंय गाडीला?”

“बघा जरा,” मी म्हणालो. “संध्याकाळी नेतो.” आणि बाजारातून पायी ठाण्यावर आलो. माफीचा शब्द मात्र माझ्या तोंडून निघाला नाही. गणवेशात तो निघत नाही, ही आमची खोड.

संध्याकाळी गेलो तेव्हा खिळ्यांवर आणखी तीन किल्ल्या होत्या. त्यातली एक आप्पांची. महिन्याभरात फळकूट भरलं.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी दिल्या. माणसाला त्याच्याबद्दल विचारलं की तो आखडतो, कामाबद्दल विचारलं की मोकळा होतो. आणि संशय लिहायला एक ओळ लागते, म्हणून ती ओळ लिहिण्याआधी फळीवर काय ठेवलंय ते नीट बघावं.

मी निवृत्त झालो. माझ्या त्या छोट्या गाडीचं मॉडेलही आता बंद झालंय. आमच्या सौ. म्हणतात, घरात दोन बंद मॉडेलं आहेत, त्यातल्या एकाला अजून भाव येतो. गाडी मी त्याच गॅरेजात नेतो. गेल्या खेपेला किल्ली अडकवताना मिस्त्री अचानक म्हणाला, “साहेब, त्या बाजाराच्या दिशी तुमच्या गाडीला कायबी झालं नव्हतं. मला किल्ली फिरवल्याबरोबर कळलं.”

मी ओशाळलो. “मग दिवसभर काय केलंस?”

“प्लग काढले, पुसले, परत बसवले. पुन्हा काढले. दारात ठिवून करत व्हतो. लोक बघत व्हते ना.”