सईने स्वतः काढलेल्या लेन्स

माझ्या नऊ वर्षांच्या सईचा चष्म्याचा नंबर भराभर वाढत होता, म्हणून डॉक्टरांनी तिला रात्री घालून झोपायच्या लेन्स दिल्या. झोपेत त्या बुबुळाला हलकेच आकार देतात आणि दिवसभर चष्म्याशिवाय दिसतं. नंबर वाढण्याचा वेगही त्यामुळे कमी होईल, अशी आशा आहे.

सकाळी त्या लेन्स मीच काढायचे. आज सई म्हणाली, "आई, तू हात लावू नकोस. मी काढते."

तिने हात स्वच्छ धुतले, डोळ्यांत थेंब घातले आणि ती आरशासमोर उभी राहिली. पापणी सारखी मिटत होती. पुढे व्हायला माझे हात शिवशिवत होते, पण मी ते ओढणीत गुंडाळून ठेवले. मुलांना लांबचं दिसावं म्हणून आपण धडपडतो. कधीतरी त्यासाठी आपल्याला बाजूलाही व्हावं लागतं.

दोन्ही लेन्स डबीत ठेवून ती खिडकीशी धावली.

"आई, समोरच्या गच्चीवरच्या काकूंनी नवी साडी नेसलीय!"

माझा चष्मा आत राहिला होता. मला नुसती गच्ची दिसत होती, तीही धूसर.

"कुठल्या रंगाची गं?" मी विचारलं, आणि ती ऐटीत मला काठापदरासकट सांगू लागली.