सिंधूला दाखवलेलं अर्धं घर

माझा भुजंगमामा गवंडीकाम शिकला तो बहात्तरच्या दुष्काळात. रेणापूरजवळ एका विहिरीचं दुष्काळी काम निघालं होतं. तिथे दगड रचणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली तो लागला. पुढच्या साली विहिरीला पाणी आलं. राहिलेलं बांधकाम करताना दुपारी भाकरी खात तो समोरच्या बाभळीवरची सुगरण पाखरं बघत बसे.

खोपा मादी विणते, असं सगळे म्हणत. मामाला दिसलं ते उलटंच. पिवळ्या डोक्याचा नर अर्धा खोपा विणायचा आणि त्याला लटकून पंख फडफडवायचा. मादी यायची, आत शिरून काड्या ओढून बघायची आणि निघून जायची. नर चिडत नसे. शेजारच्या फांदीवर तो दुसरा खोपा विणायला घ्यायचा. एकीला खोपा पटला, तेव्हाच त्याने तो पुरा केला. मामाच्या मनात हे पक्कं बसलं.

पुढे दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या, क्वार्टर उठू लागल्या, गवंड्यांना उसंत नव्हती. मामाने रेणापूर नाक्यापलीकडे जागा घेऊन स्वतःचं घर बांधायला काढलं. त्याच सुमाराला अहमदपूरची सिंधू सांगून आली. ती बालवाडीत शिकवायची आणि चार स्थळांना तिने नाही म्हटलं होतं.

बघण्याच्या कार्यक्रमात तिने सरळ विचारलं, "घर कसं हाय?"

"अर्धं हाय," मामा म्हणाला. "तुम्ही येऊन बघा. पसंत पडलं तर पुढचं बांधू."

तिचे वडील केरबा गोंधळले. "पोरगी घर बघायला जाती, असं कुठं असतंय?"

"राहणार तर त्याच हायत, काका."

वडील आणि केवळाबाई आत्याला घेऊन सिंधू एसटीने आली. चुलीच्या जागी उकिडवी बसली, वर पाहिलं. "इथं धूर कोंडतोय. खिडकी लई वर हाय."

केरबांनी मान खाली घातली. मामा एवढंच म्हणाला, "हाव, खरं हाय."

आठवड्यात त्याने ती भिंत पाडली. सोबतचे गवंडी हसले, "नवरी यायच्या आधीच घर पाडायलाय."

दुसऱ्या खेपेला स्वयंपाकघर तिला पटलं. मग ती पुढच्या खोलीत उभी राहिली. "ही मोठी करा. मला इथं बालवाडी भरवायची हाय. आन् खिडकी पोरांच्या उंचीची पायजे."

"पोरं केवढी?"

तिने कमरेशी हात धरला. मामाने भिंतीवर तिथेच खडूची रेघ ओढली आणि माप घ्यायला दोरी काढली. दुसरं टोक सिंधूने उचललं.

"मग ह्या पाहुण्यांना काय सांगायचं?" केरबांनी विचारलं.

"माप होऊ द्या, बाबा. पसंत हाय म्हणूनच धरलंय."

केवळाबाई पदर तोंडाला लावून हसत राहिली.

विहारात लग्न झालं तेव्हा घरावर नुसते पत्रे होते. स्लॅब पडायला दोन वर्षं गेली. बालवाडी मात्र पहिल्याच महिन्यात भरली. मामा जेवायला आला की मागच्या दाराने आत जाई, कारण पुढे मामीचं गाणं चाललेलं असे आणि त्या बुटक्या खिडकीतून एकोणीस पोरं रस्त्यावरच्या बैलगाड्या मोजत असत.