दसऱ्याला भरलेलं पिंप

सुतारकाम करणारी बाई दिसली की लोक पहिल्यांदा विचारतात, "बोटं शाबूत आहेत ना?" मी दहाही दाखवते, जरा नाचवून. खरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही: भुसा कुठे जातो?

खांदा कॉलनीतल्या आमच्या रो-हाउसच्या पार्किंगमध्ये गाडी नाही, माझा कारखाना आहे. एक करवत-मशीन, एक रंधा-मशीन आणि भिंतभर पटाशा. आमचे हे गाडी रस्त्यावर लावतात आणि तक्रार करत नाहीत. ज्या खुर्चीत बसून तक्रार करायची, ती मीच केलेली आहे.

मशीनच्या तोंडाशी जाड पाइप, दुसऱ्या टोकाला ब्लोअर, आणि मध्ये नरसाळ्यासारखा एक मोठा शंकू. त्यात हवा गरगर फिरते. भुसा जड, तो खालच्या निळ्या पिंपात पडतो आणि निव्वळ हवा ब्लोअरमधून भिंतीपलीकडे जाते. अट एकच, पिंप गळ्यापर्यंत भरू द्यायचं नाही. एकदा भरलं की भुशाला खाली जागा उरत नाही आणि तोही हवेबरोबर बाहेर फिरायला निघतो.

आता, भिंतीपलीकडे कोण? शेजारचे साहेब. निवृत्त अधिकारी, आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. पाइपासाठी भिंतीला भोक पाडू देताना त्यांनी मला बजावलं होतं, "वहिनी, हवा येऊ दे. पण एक कण जरी माझ्या अंगणात आला, तर पुढच्या मीटिंगला पहिला विषय हा. दुकान बंद."

"साहेब," मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "कण आला तर मी स्वतः विषय मांडीन."

बरीच वर्षं कण गेला नाही. पिंप पाऊण भरलं की मी त्याच्या तोंडावर पोतं चढवून, दोरी आवळून, त्याला मिठी मारून उलटं करते. गव्हाण गावचा एक कोंबड्यावाला ती पोती खुराड्यात अंथरायला नेतो. "ताई, सागाचाच द्या. प्लायचा नको, आमी कोंबड्यांना डिंक नाय चारत."

मग आला तो दसरा. आदल्या दिवशी मी एक पलंग पुरा केला होता. पिंप काठोकाठ. सकाळी पोतं घेऊन खाली आले, तर सासूबाई हळद-कुंकवाचं ताट घेऊन हजर. करवतीला हार, रंध्याला हार, पटाशांवर फुलं आणि पिंपावर ठसठशीत स्वस्तिक.

"आई, हे रिकामं करायचंय."

"सणाच्या दिवशी भरलं पिंप रिकामं करतात का गं? आईनं हेच शिकवलं वाटतं?"

माझ्या आईपर्यंत गोष्ट गेली की मी गप्प बसते. म्हटलं, उद्या करू. आज कुठे मशीन चालवायचंय?

अकराच्या सुमारास साहेब सोनं द्यायला आले. हातात आपट्याची पानं, चेहऱ्यावर नवी गाडी. पांढरी शुभ्र, पूजा नुकतीच झालेली, त्यांच्या अंगणात पाइपाच्या बरोबर समोर उभी. माझी हारतुऱ्यातली मशीनं न्याहाळत ते म्हणाले, "नवरदेवासारखी सजलीत. चालतात का नुसतीच मिरवतात?"

मला असं विचारू नये. मी पदर खोचला, बटण दाबलं आणि सागाची एक फळी रंध्यातून अशी काढली की साहेबांनी "वा!" म्हटलं. त्या "वा"साठी दुसरी काढली. तिसरी फळी अर्ध्यावर असताना भिंतीपलीकडून त्यांच्या सौभाग्यवतींची किंकाळी आली.

आम्ही धावलो. गाडी हळदीला बसली होती. काचा, टप, आरसे, झेंडूचे हार, सगळं सागाच्या भुशानं पिवळंधम्मक. साहेबांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बागेचा पाइप उचलला.

"पाणी नको!" मी नाटकातल्यासारखी आडवी झाले. "लापशी होईल! माझ्याच मशीननं ओढून घेते, मऊ ब्रश लावून. एक ओरखडा येणार नाही."

"मग ओढा!"

ओढणार कशात? पिंप भरलेलं. मी ओट्यावर उभ्या सासूबाईंकडे पाहिलं. साहेबांनी पाहिलं. माझा कारखाना त्या क्षणी त्या माउलीच्या जिभेवर होता.

त्यांनी गाडी पाहिली, पिंप पाहिलं, साहेबांच्या हातातली आपट्याची पानं पाहिली. "सोनं काय कोंडून ठेवायचं असतं? आज लुटायचा दिवस. ओत."

मी पिंपाला मिठी मारली. दोन पोती भरली. मग गाडीवरून ब्रश फिरवला, टपापासून चाकांपर्यंत, हारांतली पाकळी न् पाकळी. साहेब मागे हात बांधून माझ्यामागे फिरत होते. शेवटी बोटानं बॉनेट पुसून त्यांनी ते बोट उन्हात धरलं. स्वच्छ होतं.

"पिंप भरत आलंय हे कळतं कसं?" त्यांनी विचारलं.

"ठोकून. रिकामं असेल तिथे बोलतं, भुसा असेल तिथे मुकं होतं."

साहेबांनी वाकून ठोकलं. वर, खाली, पुन्हा वर. बाजारात फणस पारखावा तसे ते रंगले.

"मीटिंगला विषय नाही," ते म्हणाले. "पण दर रविवारी मी येऊन ठोकणार. तुमच्यावर सोडणार नाही."

तेव्हापासून दर रविवारी चहाच्या वेळी ते येतात, ठोकतात आणि "निम्मं!" किंवा "वहिनी, पोतं!" असा हुकूम सोडतात. पोत्याचं दुसरं टोकही धरतात. कोंबड्यावाल्याला आता फोनही तेच करतात.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी, रविवार नसताना, ते सकाळीच दारात. "उद्या रिकामं करता येणार नाही. आत्ता."

केलं. लखलखीत. दुसऱ्या दिवशी सासूबाई ताट घेऊन आल्या, आत डोकावल्या आणि कपाळाला हात लावला. "रिकाम्याची पूजा करू होय?" त्यांनी पोत्यातला मूठभर भुसा घेऊन पिंपात टाकला आणि स्वस्तिक काढलं.

साहेबांनी तळाशी एकदा ठोकून पाहिलं.

"एवढा चालेल," ते म्हणाले. आणि जाऊन आपली गाडी पाइपासमोरच लावली.