डावीकडे ओढणारी गाडी

काचवाल्याने जुनी पिकअप घेतली तेव्हा त्याच्या बायकोने गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला चपलेच्या टोकाने टोचून पाहिलं आणि म्हणाली, "बरी आहे. आपल्यासारखीच, थोडी वापरलेली."

आधीच्या मालकाने तिच्यातून विटा नेल्या होत्या, लग्नघरची कपाटं नेली होती, एकदा म्हणे एक गायसुद्धा नेली होती. काचवाल्याचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. मागच्या हौद्यात त्याने स्वतः लाकडी सांगाडा ठोकला, काचा उभ्या राहतील असा, फळीफळीला जुन्या टायरचं रबर लावलं, आणि दुसऱ्याच दिवसापासून कामाला लागला.

माणूस अठ्ठावन्न वर्षांचा, बोलायला कमी. काच कापताना तोंडातल्या तोंडात मोजायचा, आणि त्या वेळी कुणी चहाला विचारलं तर उत्तर म्हणून सेंटिमीटर सांगायचा. गावातल्या निम्म्या खिडक्यांतून लोक जे बाहेर बघतात, ते त्याच्या हातून बसलेल्या काचेतून बघतात. काच तो कापायचा, बसवायचा. चौकटीच्या फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची बायको. गाडीत ती शेजारी बसायची, अर्धी मागे वळून, नजर काचांवर. बत्तीस वर्षं ती अशीच बसत आलेली. त्यामुळे पुढचा रस्ता तिने फारसा पाहिलेलाच नव्हता.

तिसऱ्या महिन्यात गाडी डावीकडे ओढायला लागली.

थोडीथोडकी नाही. स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवावं तेव्हा ती कशीबशी सरळ जायची, जरा हात सैल सोडला की निघालीच फुटपाथकडे. काचवाल्याने गॅरेज गाठलं.

गॅरेजवाल्याला सगळे बघूशेठ म्हणायचे. कुणी काहीही तक्रार आणली तरी हा आधी "थांबा, बघू" म्हणायचा, आणि मग खरंच बघत बसायचा. घाईत असलेल्या गिऱ्हाइकाचा जीव कासावीस व्हायचा, पण बघूशेठ गाडीशेजारी उकिडवा बसून दहा-दहा मिनिटं नुसता बघायचा. पहिल्या खेपेला त्याने चाकांचं अलाइनमेंट केलं. दुसऱ्या खेपेला टायरॉडची टोकं बदलली. तिसऱ्या खेपेला पुढचे टायर इकडचे तिकडे केले. दर वेळी स्वतः चालवून पाहायचा, मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून घ्यायचा, आणि गाडी आखल्यासारखी सरळ जायची. दर वेळी काचवाला आभार मानून घरी जायचा, दुसऱ्या सकाळी कामाला निघायचा आणि पहिल्याच वळणानंतर गाडीचं पुन्हा तेच. चौथ्या खेपेला बघूशेठने अख्खा स्टिअरिंग बॉक्स खोलून टेबलावर मांडला. आत सगळं ठणठणीत.

"घोडं पेंड कुठे खातंय तेच कळत नाही," बघूशेठ म्हणाला. "पण तुम्ही म्हणताय ओढते, तर ओढते. पुन्हा या."

काचवाला मान हलवून निघाला. त्याला मात्र आता कळलं होतं, किंवा कळलंय असं वाटत होतं.

तीन वर्षांपूर्वी एक काच निसटली होती आणि त्याच्या डाव्या तळहातातून गेली होती. जखम भरली, पण शेवटची दोन बोटं तेव्हापासून पुरती मिटत नव्हती. सकाळी तर हात लाकडासारखा असायचा, दुपारपर्यंत सुटायचा. आणि गाडीचंही तसंच होतं. सकाळी कामाला जाताना ओढायची, संध्याकाळी परतताना गुमान सरळ यायची. बघूशेठच्या हातात कधी ओढली नाही. मग दोष कशात होता हे सांगायला कुणी मेकॅनिक लागतो का?

त्याने घरात ताकास तूर लागू दिली नाही. फक्त रोज सकाळी लवकर उठून, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, डावा हात गरम पाण्यात बुडवून ठेवू लागला. पातेल्यात पाणी गरम असायचंच. चहासाठी असेल, असं त्याने धरून टाकलं. पाण्यात बोटं मिटायची, बाहेर काढली की पुन्हा अर्ध्यावर अडायची. हात गेला म्हणजे गाडी गेली, गाडी गेली म्हणजे धंदा गेला. दुसऱ्याच्या गाडीतून काच पाठवायची त्याची छाती नव्हती. आणि काच नाही तर सकाळी उठून आपण करायचं काय, हे त्याला कितीही मोजलं तरी सुचत नव्हतं.

मग एक दिवस गाडी फुटपाथच्या कडेला घासली. आवाज मोठा झाला, पण झालं काहीच नाही. बायको नेहमीसारखी मागे वळून बसली होती. तिचं कपाळ खिडकीवर हलकंसं आपटलं. "काचा शाबूत आहेत," ती म्हणाली. तिला आधी काचाच सुचल्या. काचवाल्याला मात्र त्या कपाळाशिवाय काही दिसेना. त्याने त्याच दिवशी ठरवलं, वाचनालयाच्या सहा खिडक्यांचं काम हातात आहे तेवढं संपवायचं आणि गाडी विकून टाकायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बघूशेठकडे गेला. बायकोही सोबत निघाली. का, ते त्याने विचारलं नाही.

"गिऱ्हाईक बघा एखादं," काचवाला म्हणाला. "आता पुरे झालं."

"थांबा, बघू. विकायची तर खुशाल विका. पण मला एकदा नीट सांगा, ओढते कधी?"

"कामाला जाताना."

"आणि येताना?"

"येताना नाही ओढत."

"जाताना गाडीत असं काय असतं, जे येताना नसतं?"

'आखडलेला हात' असं काचवाल्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"काच असते की," बायको म्हणाली.

बघूशेठने गाडीच्या मागे जाऊन हौद्यात डोकावलं. सांगाडा रिकामा. "आज काच कुठाय?"

"घरी उतरवून ठेवलीय," काचवाला म्हणाला. "गॅरेजला येताना भरलेली गाडी आणतात का कुणी? मी ज्यांच्या दुकानात काम शिकलो, त्या मालकांनी बजावलं होतं, काच भरलेली गाडी सख्ख्या भावाच्याही हाती द्यायची नाही."

"प्रत्येक वेळी उतरवलीत?"

"धुऊनसुद्धा आणली," बायको म्हणाली.

बघूशेठने कपाळावर हात मारून घेतला, तोही ग्रीसचा. "म्हणजे भाऊ, चार महिने तुम्ही दुखणं घरी ठेवून पेशंट तेवढा माझ्याकडे आणताय! चला, काच भरा. गाडी तुम्हीच चालवा, तुमच्या मालकांचा शब्द मोडत नाही. मी मागून येतो."

घरी जाऊन सहापैकी चार काचा चढवल्या. बायको सवयीने पुढच्या दाराकडे निघाली, तर बघूशेठ म्हणाला, "वहिनी, आज तुम्ही माझ्या स्कूटरवर बसा. चार डोळे बरे." एका हाताने पदर आणि एका हाताने बघूशेठचा खांदा धरून ती बसली, आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिने नवऱ्याची गाडी मागून पाहिली.

चौक ओलांडला नाही तोच ती ओरडली. "अहो! थांबा! गाडी तिरकी चाललीय!"

गाडीचं तोंड एकीकडे आणि मागचा भाग उजवीकडे बाहेर काढलेला. खेकडा चालतो तशी ती चालली होती. बघूशेठने स्कूटर पुढे घालून गाडी थांबवली, तिथेच रस्त्यात आडवा झाला आणि मागच्या चाकापाशी गाडीखाली डोकं घातलं. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "सापडलं!"

मागच्या डाव्या चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना एकत्र धरणारा बोल्ट तुटला होता. रिकाम्या गाडीत पाटे आपापल्या जागी बसून राहायचे. भार चढला की मागचा एक्सल डाव्या बाजूने बोटभर पुढे सरकायचा आणि गाडी डावीकडे वळायला बघायची. "स्टिअरिंग स्टिअरिंग म्हणत आपण सगळे पुढेच बघत बसलो," बघूशेठ पाठीची धूळ झटकत म्हणाला. "अन् बिचाऱ्याने केलं काहीच नव्हतं."

चार काचा मुंगीच्या पावलांनी वाचनालयात पोचवल्या आणि गाडी परत गॅरेजला आणली. नवा बोल्ट बसायला दुपार झाली. उरलेल्या दोन काचांसोबत यावेळी काचवाल्याने घरातल्या जुन्या आरशाच्या काचाही भरल्या, भार पुरेसा व्हावा म्हणून. चौक आला. त्याने उजवा हात मांडीवर ठेवला आणि नुसत्या डाव्या हाताने स्टिअरिंग धरलं. गाडी सरळ गेली. दोन अर्धवट बोटांनीसुद्धा सरळ गेली.

वाचनालयापाशी बायको लांबीचा डबा घेऊन आत गेली. बघूशेठ स्कूटर लावून शेजारी येऊन उभा राहिला.

"तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही," काचवाला म्हणाला. "मला वाटत होतं, माझा हातच गेला."

"माहीत होतं मला."

"कसं?"

"दुसऱ्या खेपेनंतर वहिनी एकट्याच आल्या होत्या माझ्याकडे. म्हणाल्या, दोष हातात निघाला तर आधी मला सांगा, गाडीत निघाला तर आधी त्यांना." बघूशेठने आत पाहिलं. "त्या रोज सकाळी तुमच्याआधी उठून पाणी तापवून ठेवतात आणि परत पडून राहतात, हेही सांगितलं. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. मी आज बोलून गेलो, माझं नाव सांगू नका."

काचवाल्याने खिडकीतून आत पाहिलं. काच अजून बसायची होती, मध्ये काहीच नव्हतं. ती चौकटीच्या कडेला अंगठ्याने लांबी दाबत होती, जीभ दातांत धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरात आला तेव्हा पातेल्यातून वाफ येत होती आणि आतल्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेऊन पडली होती. त्याने पाण्यात हात घातला नाही. साखर टाकली, चहापत्ती टाकली, दोन कप भरले. डाव्या हातातला कप जरा डुचमळला, पण सांडला नाही. तो तिच्या उशाशी जमिनीवर बसला.

"ऊठ," तो म्हणाला. "तुझंच पाणी आहे."